डांबरगोळ्या गाडीतून काढा, कोळी राहू द्या

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. कोथरूड असो, धनकवडी असो की वारजे, मजकूर तोच. त्याचा सारांश असा: गाडीतला कोळी चावला तर माणूस दगावतो आणि त्याच्या जाळ्यामुळे गाडी पेट घेते. म्हणून प्रत्येक सीटखाली डांबरगोळ्या ठेवा, दारांच्या फटींना लिंबाचा रस लावा. बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवा, वरून रॉकेल फवारा. नव्या गाड्यांच्या वायरी सोयाबीनपासून बनवतात, म्हणून उंदीर त्या खातात. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं यंत्र लावलं की ते पळतात. आणि पार्किंगच्या कडेनं फिनेल ओतलं की साप फिरकत नाही.

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि आमच्या सोसायटीत पार्किंगच्या देखभालीचं काम पाहते. यातल्या एका सूचनेमुळे लहान मुलांच्या जिवाशी खेळ होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

"प्रत्येक सीटखाली चार डांबरगोळ्या ठेवा." हे कृपा करून करू नका. ठेवल्या असतील तर आज काढा. डांबरगोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅफ्थलीन. ते घनरूपातून थेट वाफ होऊन हवेत मिसळतं, आणि उष्णता जितकी जास्त तितकं लवकर. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतलं तापमान पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्यानं चढतं आणि पन्नाशीच्या पुढे जातं. म्हणजे एप्रिलच्या दुपारी मुलाला शाळेतून आणायला तुम्ही दार उघडता, तेव्हा आतली हवा त्या वाफेनं भरलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2002 मध्ये नॅफ्थलीनला 'माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेला' पदार्थ म्हणून वर्गीकृत केलं. त्याहून तातडीचा धोका जी-6-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या मुलांना आहे. नॅफ्थलीनमुळे त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, कावीळ होते, रक्त एकदम कमी होतं. डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी नुसती गुंडाळल्यानं तान्ह्या बाळांना असं झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. ही कमतरता भारतात दुर्मीळ नाही, आणि बहुतेक घरांत ती आहे की नाही हे कुणी तपासलेलंही नसतं. शिवाय पांढरी गोल गोळी सीटखाली घरंगळत आली तर दोन वर्षांचं मूल ती तोंडात घालणारच.

एवढं करून उपयोग काय? डांबरगोळी कपड्यांच्या कसरीसाठी आहे. घट्ट बंद पेटीत वाफ साचून राहते तेव्हाच ती काम करते. बॉनेट खालून उघडं असतं. गाडी सिंहगड रस्त्यानं एक फेरी मारून आली की तिथली वाफ उडून गेलेली असते. म्हणजे जिथे उंदीर येतो तिथे ती टिकत नाही आणि जिथे तुमची माणसं बसतात तिथे साचते. काही जण डांबरगोळीऐवजी कापूर सुचवतात. कापूर चटकन पेट घेतो, आणि मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात. तोही नको.

आता कोळी. "चावला तर माणूस दगावतो." आपल्या पार्किंगमध्ये प्रत्यक्षात कोण राहतं ते आधी बघू या. छताच्या कोपऱ्यात, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे लांब काडीसारख्या पायांचा कोळी असतो. जाळ्याला धक्का लागला की तो सबंध जाळं थरथरवतो. हा डास खातो, आणि डेंगी पसरवणारा एडिस डासही त्याच्या जाळ्यात सापडतो. भिंतीवर टुणकन उड्या मारणारा, मोठ्या डोळ्यांनी तुमच्याकडे रोखून बघणारा छोटा कोळी जाळं विणतच नाही, तो माशी-चिलटांवर झडप घालतो. रात्री टायरमागून पळणारा तळहाताएवढा चपटा तपकिरी कोळी पाहून माणसं किंचाळतात, ते मी समजू शकते. पण तो झुरळं मारतो. त्याच्या पोटाखाली पांढरी चकती दिसली तर ती मादी आहे आणि ती चकती तिच्या अंड्यांची पिशवी आहे. हातात धरून दाबला तर हा मोठा कोळी चावेल, दुखेलही. माणूस दगावणार नाही. ज्या शहरात दरवर्षी पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण वाढतात, तिथे डास खाणाऱ्या प्राण्याला विषारी ठरवून मारायचं, हे मला फार चुकीचं वाटतं.

"जाळ्यामुळे गाडी पेट घेते, परदेशात लाखो गाड्या परत बोलावल्या." गाड्या परत बोलावल्या हे खरं आहे, आणि म्हणूनच हे वाक्य लोकांना पटतं. 2011 मध्ये माझदा या जपानी मोटार कंपनीनं उत्तर अमेरिकेतल्या सुमारे 65,000 गाड्या परत बोलावल्या. पेट्रोलच्या वासाकडे ओढली जाणारी पिवळ्या कोळ्याची एक जात टाकीच्या वायुवाहक नळीत जाळं विणत होती. नळी तुंबली तर टाकीत हवेचा दाब कमी होऊन टाकीला तडा जाण्याची आणि पेट्रोल गळण्याची शक्यता होती. आग लागल्याची नोंद मात्र नव्हती. 2014 मध्ये त्याच मॉडेलसाठी पुन्हा तशीच मोहीम झाली. 2013 मध्ये टोयोटानं आठ लाखांहून जास्त गाड्या बोलावल्या, कारण एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी जाळ्यामुळे तुंबून ते पाणी एअरबॅगच्या नियंत्रकावर ठिबकू शकत होतं. ठरावीक मॉडेलं, ठरावीक नळ्या आणि माझदाच्या बाबतीत तिकडचीच कोळ्याची जात. तुमच्या आरशामागच्या जाळ्याशी याचा काही संबंध नाही. यातून आपल्या कामाचं एवढंच निघतं की सर्व्हिसिंगच्या वेळी एसीची निचरा नळी साफ करून घ्यावी. पुण्याच्या धुळीत ती कोळ्याविनाही तुंबते.

बाजूच्या आरशाच्या खोबणीत राहून रोज दारापर्यंत धागा ताणणारा कोळी खरंच त्रासदायक वाटत असेल तर मऊ ब्रशनं जळमट काढा, खोबणीत पाण्याचा फवारा मारा, चार दिवस हेच करा. रोज मोडणाऱ्या घरात कोळी राहत नाही. आत शिरला असेल तर व्हॅक्यूम पुरेसा आहे. बंद गाडीत झुरळाचा स्प्रे मारू नका. त्या डब्यात विषाबरोबर ज्वलनशील वायूही असतो, आणि कोळ्यावर तो थेट पडला तरच उपयोग होतो. कोळी मुळात कमी हवे असतील तर पार्किंगमधले पांढरे झगझगीत दिवे बदलून पिवळसर एलईडी लावा, माणूस आल्यावरच लागणारे असले तर उत्तम. दिव्यावर किडे कमी आले की किड्यांमागे येणारे कोळीही कमी होतात. आम्ही हे केलं आणि जाळी निम्म्यावर आली.

लिंबाच्या रसाचं थोडक्यात सांगते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी हे घरगुती उपाय कोळ्यांवर तपासले. पुदिन्याच्या तेलाला काही जातींनी टाळलं, लिंबाच्या तेलाचा परिणाम दिसला नाही. लिंबाचा चिकट रस दारावर सुकला की मुंग्या मात्र येतील.

आता उंदरांकडे येते, कारण खरं नुकसान तेच करतात. "वायरी सोयाबीनच्या असतात म्हणून उंदीर त्या खातात." वनस्पतिजन्य घटक असलेल्या वेष्टनावरून 2016 मध्ये अमेरिकेत गाडीमालकांनी कंपन्यांवर दावे लावले, तिथून ही गोष्ट आली. पण उंदीर वायर भुकेपोटी कुरतडत नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवावेच लागतात. जुन्या साध्या प्लास्टिकच्या वायरी, इंटरनेटच्या केबली, लाकडी दारं, सगळं तो पिढ्यान्‌पिढ्या कुरतडत आलाय. सोयाबीन नसतं तरी तुमची वायर सुटली नसती.

"तंबाखू ठेवली आणि आमच्याकडे लगेच गुण आला." हा अनुभव सांगणारे खोटं बोलत नाहीत, म्हणून याचं उत्तर नीट द्यायला हवं. उंदराला नव्या वस्तूची धास्ती असते. ओळखीच्या वाटेवर काहीही नवं दिसलं, तंबाखूचं पान असो, साबणाची वडी असो की मिणमिणणारं यंत्र, तर तो काही दिवस त्या जागेपासून लांब राहतो. नवी वस्तू निरुपद्रवी आहे असं कळलं की परत येतो. तोवर "गुण आला" हा मेसेज शंभर जणांना गेलेला असतो, आणि उंदीर परत आल्याचा मेसेज कुणी पाठवत नाही. ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या यंत्रांचंही असंच. त्यांचा ध्वनी कुठल्याही घन वस्तूपलीकडे जात नाही, म्हणजे इंजिनामागे बसलेल्या उंदरापर्यंत तो पोचत नाही, आणि पोचला तरी सवय होते. 2001 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या 60 हून अधिक कंपन्यांना ताकीद दिली होती की पुराव्याशिवाय दावे करू नका. वाळकी तंबाखू मात्र नुसती निरुपयोगी नाही. ती तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपाजवळ ठेवणं आणि वरून रॉकेल फवारणं म्हणजे आगीची तयारी आहे. रॉकेलनं रबरी होजही फुगतात.

हीच धास्ती आपल्या बाजूनं वापरता येते. पिंजरा आणला की पहिले काही दिवस दार बांधून उघडंच ठेवा, आत भजी किंवा सुकट ठेवत राहा. खाणं उचललं जाऊ लागलं की मगच पिंजरा लावा. दिवाळीत गावाला जाऊन गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर शेजाऱ्याकडे किल्ली द्या, एक-दोन दिवसाआड इंजिन चालू करायला आणि बॉनेट उघडून बघायला सांगा. कागदाचे तुकडे, लेंड्या, कुरतडलेला फोम दिसला की समजा, घरटं सुरू झालंय. घुशींची बिळं नाल्याकडच्या भिंतीपाशी, ओल्या कचऱ्याच्या खड्ड्याभोवती आणि कबुतरांना दाणे टाकतात तिथे सापडतात. उंदराचं पिल्लू अर्ध्या इंचाच्या भोकातून जातं, लहान घरउंदीर तर पेन्सिलीएवढ्या फटीतून. त्यामुळे खड्ड्यावर बारीक लोखंडी जाळी आणि पाइपांभोवतीच्या फटींत सिमेंट हवं. विष घालायचंच असेल तर ते कुलूपबंद डब्यात, जाणकाराकडून. झिंक फॉस्फाइड या उंदराच्या विषाला उतारा नाही. ते खाऊन सोसायटीचं कुत्रं मरेल. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषावर निदान व्हिटॅमिन के-1 चा उतारा आहे, पण ते खाऊन मेलेला उंदीर घुबडानं खाल्ला तर घुबडही जाऊ शकतं.

मेसेजमध्ये डासांबद्दल एकही ओळ नाही, आणि पार्किंगमधला सगळ्यात घातक प्राणी तोच आहे. जुने टायर, गाडीच्या कव्हरच्या घड्या, कुंड्यांच्या ताटल्या. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासायला हवं, आणि दर आठवड्याला. अंड्यापासून डास व्हायला जेमतेम आठ-दहा दिवस लागतात.

राहिला साप आणि फिनेल. फिनेलच्या वासानं साप अडत नाही. तो उंदरामागे येतो आणि उंदीर असेपर्यंत येत राहील. बॉनेटमध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत साप दिसला तर काठी घालू नका, इंजिन चालू करू नका, फिनेल तर ओतूच नका. सगळ्यांना लांब करा, तो कुठे जातो हे एकानं सुरक्षित अंतरावरून बघत राहा, आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. वॉचमनच्या टेबलापाशी हा नंबर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा.