पंप बदलायच्या आधी दोनशे रुपयांची नळी बघा

गॅरेजचं शटर अर्धं वर गेलेलं असतं आणि हल्ली कुणीतरी मोबाइल पुढे करतं. ‘मिस्त्री, हे वाचलंत का?’ वाचलंय. धायरीपासून वाघोलीपर्यंत सगळ्या ग्रुपांवर फिरून झालाय तो मेसेज. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्यात काय लिहिलंय ते थोडक्यात सांगतो. जुन्या कॉमन रेल डिझेल गाडीला (जिच्यात पंप एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबाने डिझेल भरतो आणि तिथून इंजेक्टर ते इंजिनात फवारतात) चढावर दम लागत असेल आणि स्कॅनरवर पी-००८७ कोड आला, तर हाय प्रेशर पंप गेला असं समजा. डिझेल कुठे गळत नसेल तर लाइन ओके. फिल्टर नवा असेल तर फिल्टर ओके. खात्री करायची असेल तर इंजेक्टरचा पाइप सैल करून सेल्फ मारा. आणि बीएस-६ डिझेल ‘कोरडं’ असल्याने पंप जाणारच, म्हणून दर टाकीला लिटरभर पेट्रोल किंवा रॉकेल घाला.

लिहिणाऱ्याने एक बरं केलं, कोडचा आकडा बरोबर लिहिला. बाकीचं एकेक वाक्य घेऊन बघू.

‘पी-००८७ म्हणजे पंप गेला’

या कोडचा अर्थ इतकाच की ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, रेलमध्ये जेवढा दाब मागितला तेवढा सेन्सरला दिसला नाही. तो कुणामुळे कमी पडला, हे कोडला माहीत नसतं. तिसऱ्या मजल्यावर नळाला धार बारीक आली म्हणून सोसायटीची मोटर जळाली असं आपण म्हणतो का? खालची टाकी रिकामी असेल, कॉक अर्धा बंद असेल, नाहीतर दुसऱ्या मजल्यावर कुणी नळ उघडा टाकून गावाला गेलं असेल. डिझेलच्या लाइनीत हे तिन्ही प्रकार होतात.

म्हणून कोड वाचून स्कॅनर काढून ठेवू नका. लाइव्ह डेटा उघडा आणि मागितलेला दाब नि प्रत्यक्ष दाब शेजारी शेजारी बघा. आयडलला बहुतेक गाड्या २५० ते ३०० बारच्या आसपास असतात. तिथे दोन्ही आकडे जुळतात, पण तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पूर्ण रेस दिली की मागणी १,४०० ला जाते आणि प्रत्यक्ष दाब ९०० वर अडकतो, असं दिसलं तर बहुतेकदा डिझेल पुरेसं पोचत नाहीये. मी आधी टाकी ते फिल्टर ही बाजू धरतो. याउलट सेल्फ मारताना दाब चढतच नसेल, किंवा थंड गाडी टचकन लागते आणि गरम झाल्यावर लागायला रडते, तर दाब कुठेतरी आतल्या आत निसटतोय. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून जास्त पळतं.

हे करायच्या आधी एक फुकटची तपासणी आहे. रात्रभर उभ्या गाडीत नुसती चावी ऑन करून रेलचा दाब बघा. शून्याच्या आसपास हवा. बंद इंजिनावर चाळीस-पन्नास बार दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग थापा मारतेय.

‘गळत नाही म्हणजे लाइन ओके’

या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे.

बऱ्याच जुन्या गाड्यांच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतो. हाय प्रेशर पंपालाच चिकटलेला छोटा गिअर पंप टाकीतून डिझेल ओढतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीवर चालते. स्ट्रॉला वर भोक पडलं तर उसाचा रस बाहेर गळत नाही, तोंडात हवा येते. इथेही तसंच. नळीला चीर गेली तर डिझेल बाहेर येणार नाही, हवा आत जाईल. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र आरामात दबते, त्यामुळे पंप कितीही तगडा असला तरी बुडबुड्यांवर दाब बांधता येत नाही. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत नळी दाबाखाली असते आणि तिथे थेंब दिसतो. तुमची गाडी यातली कुठली, हे आधी माहीत करून घ्या.

सहकारनगरातले एक काका, बँकेतून रिटायर झालेले, २०११ ची हॅचबॅक. महिन्यातून एकदा साताऱ्याला जाणार. खंबाटकी चढताना गाडी बसायची, चेक लाइट लागायचा. चावी बंद करून पुन्हा चालू केली की वरपर्यंत जायची. एका गॅरेजने (नाव घेत नाही) पी-००८७ बघून ३५ हजारांत पंप बदलून दिला. पुढच्याच फेरीला गाडी त्याच वळणावर बसली.

मी फिल्टरनंतरची काळी नळी काढून तिथे हातभर पारदर्शक नळी जोडली. आयडलला डिझेल एकदम स्वच्छ. काकांना म्हटलं, रेस द्या. अडीच हजार आरपीएमवर मोहरीएवढे बुडबुडे रांगेने जायला लागले. मग एकेका जोडावर डिझेलने भिजवलेली चिंधी गुंडाळत मागे मागे गेलो. चिंधी कुठल्या जोडावर ठेवली की बुडबुडे थांबतात, ते बघायचं. फिल्टरच्या आधीच्या होजवर थांबले. क्लिप काढून होज वाकवली तर क्लिपच्या खालीच, जिथे कुणी बघत नाही, केसाएवढी चीर. रबर वयामुळे कडक झालेलं. नवी होज आणि दोन क्लिपा मिळून दोनशेच्या आत, नाना पेठेत.

‘फिल्टर नवा आहे’

नवा फिल्टर बसवताना ओ-रिंग चिमटली तर ती हवा घेते. फिल्टर भरून, हवा काढून बसवला नाही तरी तेच. तळाचा पाणी काढायचा स्क्रू अर्धवट आवळलेला असतो. आणि फिल्टर नवा असला तरी टाकीतली जाळी पंधरा वर्षांची आहे. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साचतं आणि पाणी-डिझेलच्या मध्ये शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो. तो जाळीवर बसला की चढावर डिझेल कमी पडतं. टाकीचं झाकण उघडताना जोरात ‘फुस्स’ झालं, तर झाकणाची हवा यायची वाटही बघा.

शंका असेल तर टाकीलाच बाजूला काढा. स्वच्छ डिझेलचा कॅन घ्या, फिल्टरला जाणारी आणि रिटर्न येणारी अशा दोन्ही नळ्या त्यात सोडा, आणि उभ्या गाडीवर रेस देऊन बघा. बुडबुडे गेले, आकडे जुळले, तर दोष टाकीत किंवा टाकीकडून येणाऱ्या नळीत.

मेसेजने ज्यांच्यावर संशयच घेतला नाही ते इंजेक्टर

दुसऱ्या मजल्यावरचा उघडा नळ तो हा. प्रत्येक इंजेक्टर थोडं डिझेल रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, सोडतो, ते ठरलेलंच आहे. झिजला की जास्त सोडतो. गॅरेजच्या भाषेत ‘इंजेक्टर रिटर्न मारतोय’. तपासणी सोपी आहे. खोकल्याच्या औषधाच्या चार सारख्या बाटल्या घ्यायच्या, चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सलाइनच्या नळ्या लावून त्यात सोडायच्या, रिटर्न लाइनचं तोंड बंद करायचं आणि गाडी काही मिनिटं आयडलला ठेवायची. तीन बाटल्यांत दोन दोन बोटं डिझेल आणि चौथी गळ्यापर्यंत भरलेली, हे मी इतक्यांदा पाहिलंय की पंपाला हात लावायच्या आधी बाटल्या लावल्याशिवाय मला चैन पडत नाही.

‘पाइप सैल करून सेल्फ मारा’

हे कृपा करून करू नका. ही युक्ती १९९८ साली आलेल्या पहिल्या इंडिकासारख्या डिझेलच्या काळातली. तिथे रोटरी पंप होता, नोजल शे-दीडशे बारला उघडायचं आणि नट ढिला करून हवा काढणं हे रोजचं काम होतं. कॉमन रेलमध्ये पूर्ण रेसला १,४०० ते १,६०० बार असतात. टायरमध्ये आपण तीस-बत्तीस पॉइंट हवा भरतो, ते जेमतेम दोन बार. रेलमधल्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आत डिझेल पसरत जातं. असं झालं तर मलम लावून घरी बसायचं नाही, त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं आणि ‘प्रेशरचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवा, बोट नाही. शिवाय डिझेल उडालं यावरून दाब ५० आहे की ३०० हे कळत नाही, तो आकडा स्कॅनरवर दिसतोच आहे.

‘बीएस-६ डिझेल कोरडं, पेट्रोल घाला’

गंधक काढताना डिझेलचा वंगणगुण कमी होतो, हे खरं. म्हणूनच रिफायनरीत वंगणासाठी रसायन मिसळतात आणि झिजेच्या चाचणीत धातूवर पडणाऱ्या डागाला ४६० मायक्रॉनची मर्यादा पाळावी लागते. ही मर्यादा बीएस-४ डिझेललाही होती. पुण्यात ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) गंधकाचं डिझेल २०१० पासून मिळत होतं, १ एप्रिल २०२० पासून ते १० पीपीएम झालं. म्हणजे २०११ ची गाडी पुण्यात पहिल्या दिवसापासून कमी गंधकावरच चालली आहे.

आणि कोरडेपणावर उपाय म्हणून पेट्रोल? या पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. पेट्रोल-रॉकेल ते वंगण पातळ करतं. पेट्रोल मिसळायचा सल्ला थंड देशांतल्या जुन्या, कॉमन रेल नसलेल्या गाड्यांचा, डिझेल गोठू नये म्हणून. पुण्याच्या थंडीत स्वेटर निघतात, डिझेल गोठत नाही.

पंप कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. जातो, आणि जाताना बऱ्याचदा खूण सोडतो. त्याचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) काढला की जाळीवर चमकीसारखा धातूचा चुरा दिसतो. तेव्हा मात्र नुसता पंप बदलून भागत नाही. चुरा रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि रिटर्नमधून टाकीतही गेलेला असतो. ते सगळं धुतलं नाही तर नवा पंपही त्याच वाटेने जातो. काकांचा पंप बदलला तेव्हा हा व्हॉल्व्ह कुणी उघडूनही पाहिला नव्हता.

जुना पंप त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवला होता. मी तो भोसरीच्या पंपवाल्याकडे पाठवून बेंचवर लावायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, ‘यात दुरुस्त काय करायचंय?’