तास मोजून काय होणार?

गेमिंगचा विषय निघाला की आपल्या सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला, "पोरगं दिवसाला किती तास खेळतं?" मला हा प्रश्नच अपुरा वाटतो.

१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, पण तिथे तासांचा आकडा नाही. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, एवढं बघतात. म्हणजे परीक्षा संपल्यावर आठवडाभर धुमाकूळ घालणारं पोरगं आजारी नव्हे. (आज्ज्यांना हे पटणार नाही, माहितेय.)

माणूस काळाकडे कसा बघतो हे मोजायला झिम्बार्डो आणि बॉइड या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एक प्रश्नावली मांडली. कुणाला मागचं बोचत राहतं, कुणाला मागचं गोड वाटतं. कुणी आजची मजा बघतो, कुणी पुढचं आखतो. पाचवा प्रकार मला जास्त भिववतो: 'जे व्हायचं ते होईल, आपल्या हातात काय आहे?'

हा सूर आपल्याकडे रोज कानावर येतो. आजोबांचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालायचा. गिरण्या गेल्या, भोंगा गेला. नातू पदवी घेऊन भरतीच्या जाहिरातीची वाट बघतोय. परीक्षेची तारीख पुढे, निकाल त्याच्याही पुढे. नाहीतर पुण्याची गाडी पकडायची. "लवकर उठून करू काय बे?" या प्रश्नाला घरात कुणाकडे उत्तर नसतं.

गेमकडे मात्र असतं. उद्या लॉगिन कर, बक्षीस मिळेल. सीझन अमुक तारखेला संपणार, तोवर एवढ्या लेव्हल पूर्ण कर. शब्द दिला तसा पाळला जातो, तोही वेळेवर! हा 'उद्या' कंपनीने धंद्यासाठी बनवलाय हे खरं, पण त्या पोराला दुसरा दिसतोय कुठे? आधी निराशा की आधी गेम, हे घराघरात वेगळं असेल, पण दोघं एकमेकांना पोसतात.

म्हणून निव्वळ बंदीवर माझा भरवसा नाही. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावायचे गेम बंद केले. ते बरंच झालं, कर्जबाजारी होणारी घरं तरी वाचतील. पण रिकामी संध्याकाळ कायद्याने भरत नाही.

संक्रांतीला भरणाऱ्या आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेआधी नंदीध्वजाचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठीचा, सराव सुरू होतो, तेव्हा जाऊन बघा. एवढी उंच काठी तोलायची तर दोन्ही हात लागतात, मोबाईल धरायला तिसरा हात कुठून आणणार? शिवाय संक्रांत कुणासाठी पुढे ढकलली जात नाही, आणि आपण गेलो नाही तर चारजण विचारतात. यात्रा संपल्यावर यातली किती पोरं पुन्हा गेमकडे वळतात, हे त्यांच्या घरच्यांनी कमेंटमध्ये सांगावं. आणि फेब्रुवारीपासून त्यांना अशीच तारीख कोण देणार, हेही.