गाय कुणाला दिली ते कळतं, दूध कोण पितं ते?

आपल्याकडे शेळ्या किंवा दुधाळ जनावरं वाटायची बातमी आली की वाद ठरलेला, फुकट दिलं की लोक आळशी होतात, नाहीतर मग जनावर कशाला, सरळ खात्यात पैसे टाका. मी रवांडात राहते आणि हे इथून वाचताना चिडचिड होते, कारण घरातल्या पोराच्या पोटात काय गेलं हे कुणी विचारतच नाही.

इथे २००६ पासून गिरिंका योजना आहे. गरीब कुटुंबाला एक गाय, आणि तिला पहिली कालवड झाली की ती दुसऱ्या गरीब घराला द्यायची. १९९४ च्या नरसंहारानंतर शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास उरला नव्हता अशा देशात ही अट घालायची म्हणजे साधी गोष्ट नाही.

पण गाय म्हणजे रोजचं राबणं. डोंगरउतारावर तुकड्यातुकड्यांची शेती, चरायला रान नाही, त्यामुळे गाय गोठ्यातच आणि नेपिअर गवत कापून आणायचं. आमच्या शेजारच्या वस्तीतली एक बाई पहाटे भारा डोक्यावर घेऊन चढ चढून येते, मग पाणी, शेण, धार, आणि विकायचं दूध कॅनमध्ये ओतायच्या आधी धाकट्याचा पेला भरून बाजूला ठेवते. आधी कॅन भरला असता तर पोराला उरलंसुरलंच मिळालं असतं.

पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण इथे २०१० ला ४४ टक्के होतं, २०१९-२० ला ३३. सगळं श्रेय गाईला देऊ नका, आरोग्यसेवा पण सुधारली. आणि गाई भलत्यांनाच दिल्या म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांवर केसेसही झाल्यात. शिवाय ज्याला वैरण लावायला गुंठाभर जमीन नाही त्याने गाय घेऊन करायचं काय?

पैसे की जनावर हा वाद तर मला पटतच नाही. भारत धरून सहा देशांत केलेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात जनावरासारखं साधन, ते सांभाळायचं ट्रेनिंग, सुरुवातीचे काही महिने घरखर्चाला थोडे पैसे आणि घरी येऊन चौकशी करणारा माणूस असं सगळं एकत्र दिलं होतं, आणि मदत थांबल्यावर वर्षभराने पण त्या घरांचं खाणंपिणं मदत न मिळालेल्या तशाच घरांपेक्षा बरं होतं. आपल्याकडे शेळी टेम्पोतून उतरवली, फोटो काढला की योजना संपते, ती आजारी पडली तर डॉक्टर कोण आणणार हे आधी ठरवा की!