वाया गेलं तर जाऊ दे

परवा रात्री शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात एक बाई लेकराला घेऊन आली. दिवसभर कापूस वेचून आलेली, पदराला अजून बोंडाचा कचरा चिकटलेला. लेकरानं वही पुढं केली. थर्माकोल शीट, ग्लिटर पेपर, कलर क्ले, फेविकॉल, रंगीत कार्डशीट. खाली लाल पेनानं, 'उद्या आणणे'. थर्माकोल मी ठेवत नाही. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, शाळेच्या यादीतून मात्र तो काही हटत नाही. बाकीच्याचे एकशे चाळीस झाले. तिनं पदराची गाठ सोडून मोजले अन् लेकराला म्हणाली, "जपून वापरजो बरं बापा, पुन्हा नाही भेटणार."

आता मी दुकानदारीण. किराणा अन् जनरल, सोबत झेरॉक्स. अशा याद्यांवरच जून-जुलै निघतो माझा, तेव्हा हे लिहिणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय. पण ते 'जपून वापर' दोन दिवस डोक्यातून गेलं नाही.

माझ्या मुलीनं क्लेचं सहा रंगांचं पाकीट वर्षभर जपलं होतं. लाल-पिवळा मिसळला तर रंग खराब होतील म्हणून एकदाही मिसळला नाही. शेवटी सगळं दगड झालं अन् उकिरड्यावर गेलं. मिसळायचंच नव्हतं तर पोरीनं त्यात शिकायचं काय होतं? हातून दहा वेळा बिघडेल तेव्हा अकराव्यांदा काही जमेल, अन् दहा वेळा बिघडवायचं तर वस्तू फुकटात पडली पाहिजे.

मग मी असं सामान घरीच करायला सुरू केलं. सगळ्यात आधी खळ. दोन चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरं पाणी चकाकायला लागलं की उतरवायचं, निवलं की अजून घट्ट होते. तुरटीची चिमूट टाकली तर दोन-तीन दिवस टिकते. बुरा येऊ नये म्हणून जुने लोक मोरचूद टाकत. ते विष आहे, लेकरांच्या खळीत चुकूनही नको. कागदाला कागद खळीनं मस्त चिकटतो, पतंगवाल्या पोट्ट्यांना विचारा. लाकडाला, प्लास्टिकला मात्र ती काही कामाची नाही, तिथं दुकानातलीच बाटली घ्या. घरच्या वस्तूचं उगाच देवपण मी करत नाही.

बाभळीचा डिंक रात्री पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून गाळला की पाकिटं चिकटवायला छान. मैदा दोन वाट्या, मीठ एक वाटी, चमचाभर तेल अन् लागेल तसं पाणी, एवढ्यात क्लेसारखा गोळा मळून होतो. पावसाळ्यात मीठ ओल धरतं अन् गोळा चिकचिक करतो, तेव्हा आणखी मैदा लावायचा. एवढं मीठ पोटात जाणं बरं नाही, म्हणून लहानग्यांवर अन् कुत्र्यावर नजर ठेवायची.

पण मळलेल्या मैद्यापेक्षा मला माती आवडते. आपली काळी माती नुसती घेतली तर वाळता वाळता तडकते. उन्हाळ्यात शेताला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, तोच गुण. तिच्यात कापूस पिंजून कालवायचा अन् चांगलं कुटायचं. मूर्तिकार शाडूतही कापूस घालतात, धागे मातीला धरून ठेवतात. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या पोळ्याला, लाकडी बैल आणायची ऐपत नसेल त्या घरी असा बैल होतो. शिंगं पऱ्हाटीच्या काड्यांची.

रंगाचं तर विचारूच नका. फागुनात पळस फुलला की फुलं वाळवून ठेवायची, उकळली की केशरी पाणी. हळद पाण्यात कालवली की पिवळा, त्यातच चिमूटभर चुना मोठ्या माणसानं टाकला की लाल, वरून लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. माझा पोरगा हे इतक्यांदा करून बसला की भाजीला हळद उरली नाही. हे रंग उन्हात उडतात, तेही सांगून ठेवते.

अन् एक गोष्ट करू नका, ती मी स्वतः केली आहे. चौथीत असताना वाटलं, धोबी बिब्ब्यानं कपड्यावर खूण करतो, ती धुऊन जात नाही, मग याचीच शाई का करू नये? बिब्बा टोचून काडीनं दप्तरावर नाव लिहिलं. नाव झकास उमटलं. तोच हात गालाला लागला अन् दुसऱ्या दिवशी गाल फोडांनी भरला. आजी खोबरेल लावत होती अन् शिव्याही देत होती. त्यामुळे 'नैसर्गिक आहे म्हणजे चांगलंच' असं कोणी म्हटलं की माझा हात आपोआप गालावर जातो.

आमच्या गावाहून सेवाग्राम एसटीनं तासाभरावर. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी आग्रह धरला होता की मुलांचं शिक्षण हाताच्या कामातून व्हावं. त्याच जिल्ह्यात क्राफ्टचा तास म्हणजे आता रात्री साडेआठला दुकानात धावायची यादी. मास्तरांना दोष देऊन मोकळं होता येत नाही, त्यांनाही वरून फोटो मागतात अन् फोटोत ग्लिटर चमकतं, खळ चमकत नाही. तरी यादीखाली 'किंवा घरी जे असेल ते' एवढी एक ओळ लिहायला काय जातं?

काल मी त्या बाईला बोलावून ग्लिटर अन् क्ले परत घेतली, पैसे दिले, अन् लेकराला काळ्या मातीचा गोळा दिला, चांगला पायलीएवढा. आज शाळा सुटल्यावर तो गाय घेऊन आला. मान वाकडी, कान मोठाले अन् पाय पाच.

"पाचवा पाय काहून रे?"

"माती उरली होती काकू."