खरवडलेल्या भिंती

इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात एका खेड्यातले जुने चर्च नुकतेच पाहिले आणि तेव्हापासून मनाला रुखरुख लागून राहिली आहे. बाहेरून सारे मध्ययुगीन होते. बुटका मनोरा, दक्षिणेच्या भिंतीवर प्रार्थनेची वेळ कळावी म्हणून कोरलेली सावलीची तबकडी, गवतात कललेल्या कबरींच्या शिळा. आत पाऊल टाकताच मात्र थेट एकोणिसावे शतक समोर आले. नक्षीदार चकचकीत फरशा, एकाच साच्यातली बाके आणि गिलावा पार खरवडून उघड्या पाडलेल्या दगडी भिंती.

हे उघडे दगड म्हणजेच चर्चचे अस्सल जुने रूप, असे बरेच जण मानतात. तसे ते मुळीच नाही. ओबडधोबड दगड चुन्यात रचायचे, त्यावर चुन्याचा गिलावा चढवायचा आणि त्या गिलाव्यावर अंतिम न्यायाचा देखावा किंवा बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर रंगवायचा, अशी मध्ययुगातली रीत होती. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट पंथ रुजवणाऱ्या धर्मसुधारणेत या चित्रांवर सफेदी फिरली खरी, पण सफेदीखाली अनेक चित्रे शाबूत राहिली. चित्रे नकोशी झालेल्यांच्या हातून जे वाचले, ते तीनशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकात, चर्चचा जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या छिन्नीने कायमचे गेले, याचे मला फार वाईट वाटते. या चर्चमध्ये एका स्मृतिफलकाच्या कडेला तळहाताएवढा जुना गिलावा उरला आहे आणि त्यावर गेरूची एक वळणदार रेघ आहे. ती वस्त्राची चुणी होती की पंखाची कड, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

दगडांच्या दरजा पुढे कधीतरी सिमेंटने भरल्या आहेत. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती अडवते आणि मग ती दगडातूनच वाट काढते. मी एका दगडावर नुसते बोट टेकवले, तर त्याची वाळू हातात आली.

जीर्णोद्धार करणाऱ्यांचे सारेच चुकले, असे मी म्हणणार नाही. छपरे गळत होती, तुळया कुजल्या होत्या आणि त्या काळी पैसा उभा राहिला नसता, तर कित्येक चर्चे आज उभीच नसती. पण छप्पर दुरुस्त करणे वेगळे आणि मधल्या शतकांच्या खुणा पुसून इमारतीला कल्पनेतल्या एखाद्या 'शुद्ध' काळात नेऊन बसवणे वेगळे. इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच खरवडण्याविरुद्ध, आणि जीर्णोद्धारापेक्षा नित्याची निगा राखा, हा त्यांचा आग्रह मला आजही पूर्णपणे पटतो.

त्याच दिवशी इंगलशमचे चिमुकले चर्च पाहिले. तिथली दुरुस्ती १८८८-८९ च्या सुमारास मॉरिस यांच्याच पुढाकाराने झाली आणि ती जेवढ्यास तेवढीच केली गेली. दारे असलेली जुनी पेटीवजा बाके, खाली-वर झालेली फरशी, भिंतीवर एका शतकाच्या चित्रावर पुढच्या शतकाने लिहिलेली वचने, त्यांवर पुन्हा रंग आणि त्याचेही उडालेले पोपडे. मी एका बाकाचे दार लोटून आत बसलो आणि समोरच्या भिंतीवरची अक्षरे लावू लागलो. दोन शब्द लागले, तिसऱ्याच्या मधून खालच्या चित्राचा लाल रंग डोकावत होता.