दुसरी डिस्क

"काका, रॅपर फाडलंय तुम्ही. आता नाही घेता येणार परत."

रॅपर न फाडता आतलं कसं बघायचं, हे काउंटरवरच्या मुलाने सांगितलं नाही. 'काका' मात्र अगदी ठासून म्हणाला.

झालं होतं ते एवढंच. जो मारधाडपट माझ्याकडे आधीच होता, तोच मी पुन्हा विकत आणला. का, तर नव्या पत्र्याच्या डबीवर छापलं होतं : स्पेशल एडिशन, दोन डिस्क, तीन तासांहून अधिक बोनस. घरी येऊन हिशोब केला तर त्या तीन तासांतला जवळजवळ एक तास फोटोंचाच होता. फोटो आपोआप बदलत राहतात आणि मागे एकच धून वाजत राहते. उरलेल्या वेळात दिग्दर्शक म्हणतो नायक थोर आहे, नायक म्हणतो दिग्दर्शक थोर आहे, आणि निर्माता म्हणतो आम्ही सगळे एका कुटुंबासारखे होतो. वगळलेला प्रसंग एकच. त्यात नायक चार मिनिटं गाडीची किल्ली शोधतो. तो का वगळला, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

"दाखवा बघू."

रांगेत माझ्यामागे एक गृहस्थ उभे होते. त्यांनी डबी माझ्या हातातून काढूनच घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि मागची बारीक अक्षरं डोळ्यांपासून चार बोटांवर धरून वाचायला लागले. वाचताना ओठ हलत होते. मधूनच 'अरे वा' म्हणत होते. हे 'अरे वा' मला झोंबलं.

"कॉमेंटरी आहे की! म्हणजे सिनेमा चालू असताना दिग्दर्शक वरून बोलत राहतो ती."

"आहे."

"ऐकलीत?"

"वीस मिनिटं. दिग्दर्शक सांगतो, इथे पाऊस पडत होता. पडद्यावर पाऊस पडतच होता."

"मग खरंच सांगतोय की तो."

यावर काय बोलणार? मी म्हटलं, "तुम्ही पाहिलाय का हा सिनेमा?"

"छे! सिनेमे मी बघत नाही."

काउंटरवरच्या मुलानेही मान वर केली.

"म्हणजे?"

"पहिली डिस्क मी लावतच नाही. सरळ दुसरी. अहो, सिनेमात नायक इमारतीवरून उडी मारतो आणि वाचतो. तो वाचणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बोनसमध्ये उडी मारणारा वेगळा असतो. तो वाचेल की नाही, ते सांगता येत नाही."

वाक्य चांगलं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. आधीच गंडवला गेलेला माणूस दाद द्यायच्या मनःस्थितीत नसतो.

मग त्यांची गाडी सुटली. पूर्वी उंचावरून पडायचं तर खाली पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचायचे, पुढे हवेच्या गाद्या आल्या. अंगाला आग लावून घ्यायची तर आधी आतून गार जेल चोपडायचं. खिडकीची काच पूर्वी साखरेची करायचे, आता रेझिनची करतात. हाड मोडल्याचा आवाज सेलरीचे देठ मोडून काढतात. हे सांगताना त्यांनी स्वतःची बोटं कडाकडा मोडून दाखवली. मागच्या बाई दोन पावलं सरकल्या. कुठल्या सिनेमात कोण कुणाला का मारतो, यातलं गृहस्थांना काही माहीत नव्हतं. त्यांना मारामारीतले खलनायक फक्त गाद्यांवर पडून उठताना, गुडघे झाडताना आणि हसताना ठाऊक. एका अर्थी त्यांच्या जगात आजवर कुणी मेलेलंच नव्हतं.

बोनसचं हे खूळ आजचं नाही म्हणा. १९८४ साली क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने १९३३ च्या 'किंग काँग'ची लेझरडिस्क, म्हणजे डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी, काढली. सिनेमाला एकच ध्वनिपट्टी पुरत होती आणि डिस्कवर दुसरी रिकामी होती, म्हणून त्या पट्टीवर रोनाल्ड हॅव्हर हे अभ्यासक सिनेमाभर बोलत राहिले. एका अभ्यासकाला रिकामी पट्टी सापडली आणि तेव्हापासून पाऊस पडताना पाऊस पडतोय असं सांगायची सोय झाली. कधीकधी मात्र घबाड हाती लागतं, हेही कबूल करतो. 'टर्मिनेटर २'ची विशेष आवृत्ती १९९३ मध्ये लेझरडिस्कवर आली, तिच्यात सुमारे १५ मिनिटं जास्तीची होती. नायिका साराला स्वप्नात तिचा मेलेला प्रियकर काइल रीस भेटतो, तो प्रसंग त्यातलाच. अशा एका प्रसंगासाठी मी पुन्हा पैसे मोजायला तयार असतो. माझा हाच स्वभाव कंपन्यांना कुठून तरी कळला आहे.

कारण त्यांचं डोकं बघा. २००१ साली सोनीने 'सुपरबिट' नावाच्या डीव्हीडी काढल्या. वैशिष्ट्य काय, तर बोनस नाही! दोन थरांच्या डीव्हीडीत साडेआठ जीबी मावतात. त्यातून मुलाखतीबिलाखती हाकलल्या की ती जागाही चित्राला आणि आवाजाला मिळते, हे त्यामागचं तर्कशास्त्र. तर्क बरोबरच होता. पण मग आलं 'सुपरबिट डिलक्स'. त्यात बोनसची वेगळी डिस्क! आधी बोनस घालून विकलं, मग काढून विकलं, मग काढलेला शेजारी ठेवून विकलं. आणि प्रत्येक वेळी घेणारा एकच, मी.

"पण ह्यात तुमचा उडी मारणारा किती वेळ आहे, ठाऊक आहे का?" मी गृहस्थांना विचारलं. आता मला खरंच राग आला होता. "चाळीस सेकंद! निर्माता अकरा मिनिटं. मागे पोस्टर, समोर पाण्याची बाटली, आणि कुटुंब, कुटुंब, कुटुंब. त्या पोराचं नावसुद्धा पडद्यावर खाली दिलेलं नाही."

गृहस्थ पहिल्यांदाच गप्प झाले. मीच पुढे बोलत राहिलो. ऑस्करवाल्यांना स्टंटसाठी वेगळा पुरस्कार जाहीर करायला २०२५ साल उजाडलं, आणि तोही २०२७ मध्ये येणाऱ्या सिनेमांपासून लागू. इतकी वर्षं माणसं आगीतून धावली, छपरांवरून पडली, आणि ऑस्करची बाहुली मात्र कपडेपटाला, रंगभूषेला, सगळ्यांना मिळाली. मारधाडपटाच्या बोनसमध्ये मारधाड करणाऱ्यांना चाळीस सेकंद देऊन वर 'तीन तासांहून अधिक' लिहायचं, ही शुद्ध लबाडी आहे. एवढं बोलून झाल्यावर लक्षात आलं की दुकानातले सगळे माझ्याकडे बघताहेत, आणि काउंटरवरचा मुलगा फोनवर कुणाला तरी हळू आवाजात "एक काका आहेत" असं सांगतोय.

"असं करू या," गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्हाला सिनेमा हवा, मला बोनस. पहिली तुम्ही ठेवा, दुसरी मला द्या. निम्मे पैसे देतो."

व्यवहार चोख होता. माझं निम्मं नुकसान जागच्या जागी भरून निघत होतं. मी डबी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली आणि म्हणालो, "मला दोन्ही हव्यात."

का म्हणालो, देव जाणे.

"बरं, मग निदान हे तरी करा," ते दारापर्यंत मागे आले. "दुसऱ्या डिस्कच्या मेनूवर डावा बाण पाच वेळा दाबायचा. काही ना काही लपवलेलं असतं. सांगत नाहीत लेकाचे."

रात्री घरातले सगळे झोपल्यावर मी दुसरी डिस्क लावली. आवाज बारीक केला. मेनूत ट्रक उडतो, धून वाजते, ट्रक पुन्हा उडतो. डावा बाण पाच वेळा दाबला. काही नाही. कदाचित मोजण्यात चुकलो असेन म्हणून पुन्हा पाच वेळा दाबला. मग उजवा, मग वरचा. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "किती वेळा उडवणार आहेस तो ट्रक?"