उकळतं पाणी ओतल्यावर तेल जातं कुठे?

सध्या एक संदेश फिरतोय: "पाणी घाण करतात ते कारखाने. घरचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात साफ होतंच. तेव्हा सिंकमधल्या तेलावर साबण आणि उकळतं पाणी ओता, जुन्या गोळ्या फ्लश करा, झाडांना सढळ हाताने खत घाला. जास्तीचं माती धरून ठेवते." कारखान्यांचा दोष खराच आहे. पुढचे सल्ले मात्र घातक आहेत.

आधी तेल. साबणामुळे त्याचे बारीक थेंब होतात आणि ते सिंकखालून पुढे सरकतात, एवढंच. पुढे पाणी निवलं की थेंब पुन्हा एकत्र येतात. तेलातली स्निग्धाम्लं पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावून पाइपाच्या आत पांढरट, कडक थर धरतात. त्यात खरकटं अडकतं, वाट अरुंद होते आणि एक दिवस चेंबर तुंबून मैलापाणी थेट ओढ्याला मिळतं. म्हणून तेल गार करून झाकणाच्या बाटलीत साठवा. भांड्याचा ओशटपणा पाणी लागण्याआधी कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाका.

गोळ्यांचं म्हणाल तर केंद्रातले जिवाणू मुख्यतः मैल्यातले सेंद्रिय पदार्थ खातात. डायक्लोफेनॅक (वेदनाशामक), कार्बामाझेपिन (फिट्सवरचं) यांसारखी औषधं तिथून बरीचशी तशीच निसटतात. रस्त्याकडेच्या जाळीत पडलेलं पाणी तर अनेक ठिकाणी केंद्रात जातच नाही, सरळ नदीत जातं. म्हणून गाडी रस्त्यावर नको, गवतावर धुवा.

सगळ्यात मोठी गफलत खताची. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, खतातल्या नायट्रेटवरही (नत्राचं रूप) ऋणच, आणि सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात. माती त्याला धरत नाही, जादा पाण्याबरोबर ते खाली झिरपतं. फॉस्फेट (खतातल्या फॉस्फरसचं रूप) कणांना चिकटतं खरं, पण माती वाहिली की तेही वाहतं. १ ग्रॅम फॉस्फरसवर तळ्यात सुमारे १०० ग्रॅम (कोरड्या वजनाचं) शेवाळ वाढू शकतं. ते कुजताना अंदाजे १४० ग्रॅम प्राणवायू ओढतं. पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला धरला, तर १७ हजार लिटर पाण्यातला सगळा! मासे गुदमरतात ते यामुळे.

पाकिटावरची मात्रा दोन-तीन हप्त्यांत विभागून द्या. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस थांबा. कुंडीखालच्या ताटलीत तांबूस पाणी साचलं, तर ते पुन्हा कुंडीतच घाला. आणि फरशीवर सांडलेले खताचे दाणे पाइपाने धुऊ नका. फरशी कोरडी असतानाच झाडूने गोळा करून वाफ्यात टाका.